खुणेचा नारळ

बेरजेतला हातचा नक्की येतो कुठून?

हसू नका, खरंच विचारतोय. तिसरीत असताना गुरुजींनाही विचारलं होतं. आमची शाळा तलासरीकडच्या डोंगरातली. गुरुजी फळ्यावर लिहायचे आणि म्हणायचे, "आठ आणि सात पंधरा, पाच लिहा, हातचा एक." मी उठून विचारलं, "गुरुजी, तो एक इतका वेळ कुठे होता?" गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "खाली बस." घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "बकऱ्या कुठे गेल्या ते बघ आधी." पुढे सहावीत शाळा सुटली. म्हणजे मीच सोडली, एका दुपारी, दप्तर झाडाला अडकवून. प्रश्न तसाच राहिला.

आणि त्या प्रश्नापायी परवा मी अशी माती खाल्ली आहे की काय सांगू! तुम्ही चहा घ्या. घेत घेत ऐका, पण तोंडात घोट असताना हसू नका, माझ्या अंगावर उडेल.

तर मी विलास. चिखल्याला एका वाडीत कामाला आहे. चिकू, नारळ, जे असेल ते. मला वाडीत आणलं माझ्या दादाने. दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, दर्शना आणि रोहित, आणि मी, असे आम्ही वाडीतल्याच दोन खोल्यांत राहायचो. दर्शू तिसरीत, रोह्या पहिलीत.

दादा गेला. कावीळ झाली. डहाणूला दवाखान्यात गेला तो रिक्षात माझ्याशी बोलत बोलत गेला, आल्यावर पंपाचा पाइप बदलू म्हणाला. मी अजून त्याच्यावर चिडलेलो आहे. पाइप मी बदलला नाही. राहू दे ते.

सांगायचं हे की दादा रोज संध्याकाळी पडवीत पोरांना घेऊन बसायचा. वही नाही, पाटी नाही, नुसतं तोंडी. "दर्शू, आठ आणि सात?" दर्शू म्हणायची, "आठला दहा व्हायला दोन पाहिजेत. सातातले दोन दिले. राहिले पाच. पंधरा!" मी बाजूला विडी नाही तर मोबाईल घेऊन बसलेलो असायचो. मला त्यातलं काही कळायचं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं. घरात भजन चालू असतं ना, तसं.

दादा गेल्यावर ते बंद झालं. पोरं संध्याकाळी नुसती बसून राहायची. शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला, दर्शना वर्गात बोलतच नाही. तो निरोप कसा कोण जाणे, पण चिंचणीला पोचला. चिंचणीला पोरांचा मामा असतो, किसनभाऊ. तारापूरला कंपनीत आहे, खिशाला पेन लावून फिरतो. तो आला आणि पडवीत बसून सरळ म्हणाला, "ताई, तू आणि पोरं माझ्याकडे चला. इथे पोरांचा अभ्यास कोण घेणार?"

वहिनी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मला काम इथे आहे. पोरं इथे शिकत असतील तर मी इथे राहीन. नसतील तर येईन."

"पण घेणार कोण अभ्यास?"

आणि इथे माझं तोंड उघडलं. मला विचारून ते कधी उघडत नाही. मी म्हणालो, "मी घेईन!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोंबडीसुद्धा थांबली.

"तू?" किसनभाऊ म्हणाला. "सहावी नापास?"

"नापास नाही. सोडलीय."

"काय शिकवणार तू?"

"बेरीज!" मी म्हणालो. "तोंडी! दादासारखी! तुम्ही परत याल तेव्हा परीक्षा घ्या. दोघांना आलं तर सगळे इथे राहतील. नाही आलं तर घेऊन जा, मी स्वतः बसमध्ये बसवून देतो!"

अरे, कोणी सांगितलं होतं रे एवढं बोलायला? किसनभाऊ खिशातलं पेन काढून परत लावत म्हणाला, "ठरलं." झालं! पोरं गेली तर त्या दोन खोल्यांत मी आणि दादाची चप्पल, एवढेच राहणार होतो.

आता मला वाडीची एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

आमच्याकडे नारळ दोघांनी मिळून मोजतात. एक मोजणारा. तो दोन हातांत दोन नारळ उचलतो आणि पलीकडे टाकतो. असं पाच वेळा केलं की दहा झाले. दहा झाले की तो ओरडतो, "खूण!" मग दुसरा माणूस मागच्या ढिगातून एक नारळ उचलून बांधावर वेगळा ठेवतो. तो खुणेचा नारळ. सगळं संपलं की बांधावर किती नारळ आहेत ते बघायचं, तितके दहा झाले. मध्येच कोणी हाक मारली, फोन आला, तरी मोजणी चुकत नाही.

मोजणारा दादा. खूण ठेवणारा मी. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून. "खूण!" ऐकलं की हात आपोआप मागे जायचा. मोजलेल्या नारळांचं काय होतं, खुणेच्या नारळांचं काय होतं, टेम्पोत कोण कुठे भरतं, मला काही माहीत नाही. मी कशाला बघू? दादा होता ना.

तर पहिल्या संध्याकाळी मी पोरांना पडवीत बसवलं आणि विचारलं, "आठ आणि सात?" दर्शू गप्प. रोह्या गप्प. आणि तुम्हाला खरं सांगतो, मीही गप्पच. कारण उत्तर मला तरी कुठे माहीत होतं? दादा म्हणायचा ते आठवलं, आठला दोन पाहिजेत, सातातले दोन, पण ते तोंडात येईना. पोरं माझ्याकडे बघताहेत, मी त्यांच्याकडे बघतोय. बोंबलाच्या वाटणीला तीन मांजरं बसावीत तसे आम्ही बसलेलो!

मग मला सुचलं. नारळ! मी धावत जाऊन सोललेल्या नारळांचं पोतं ओढत आणलं आणि अंगणात पसरलं.

"हे बघ, इकडे आठ. इकडे सात. आता सगळे पलीकडे टाकायचे. दोन, चार, सहा, आठ, दहा. खूण!"

मी स्वतःच ओरडलो आणि स्वतःच मागच्या ढिगातून एक नारळ उचलून पायरीवर ठेवला. आणि त्याच क्षणी, शप्पथ सांगतो, माझ्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली! दहा झाले की एक येतो! हाच! हाच तो हातचा! इतकी वर्षं मी माझ्या हाताने तो बांधावर ठेवत होतो आणि मलाच माहीत नव्हतं!

"दर्शू!" मी उडी मारली. "हातचा म्हणजे खुणेचा नारळ गं! मिळाला! मला मिळाला!"

आणि मी हसलो. जोरात. ती माझ्याकडे बघत राहिली.

"आता मोज किती झाले. दहा हे. पाच हे उरलेले. आणि हा खुणेचा."

दर्शूने मोजलं. "सोळा."

"शाब्बास! आठ आणि सात सोळा!"

"पण काका, बाई पंधरा सांगतात."

"मोज परत."

तिने परत मोजलं. सोळा. मी मोजलं. सोळा. रोह्याने मोजलं, त्याचे एकोणीस झाले, पण तो दोन नारळांवर तीनदा बोट ठेवतो, त्याला सोडा. समोर सोळा नारळ होते हो! डोळ्यांनी दिसत होते! आता डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की बाईंवर?

 पण दादाही पंधराच म्हणायचा, मला तसं आठवत होतं. मी मागे वळून विचारायला तोंड उघडलं, "दादा, किती रे..." आणि पडवीची भिंत दिसली. तसं होतं मला अजून. दिवसातून कितीदा तरी.

म्हणून मी काय केलं? सकाळी आठ आणि सात नारळ नीट पोत्यात भरले, पोतं खांद्यावर घेतलं आणि निघालो शाळेत. बाईंना समोर मोजून दाखवायला!

बाई साध्या आहेत. वऱ्हांड्यात उभ्या होत्या. मला पोत्यासकट बघून म्हणाल्या, "विलासभाऊ, शाळेत नारळ फोडायचाय का कसला?"

"फोडायचा नाही, मोजायचाय. बाई, तुम्ही पोरांना चुकीचं शिकवताय. आठ आणि सात सोळा होतात."

बाईंनी चष्मा वर केला. "पंधरा होतात."

"मोजा."

मी पोतं उलटं केलं. नारळ वऱ्हांडाभर घरंगळले, दुसरीची पोरं बाहेर आली, एक नारळ पायऱ्या उतरून हातपंपापर्यंत गेला. सगळे गोळा केले. बाईंनी मोजले. पंधरा.

मी मोजले. पंधरा!

अहो, रात्री सोळा होते! सकाळी पंधरा!

बाईंनी आतून मण्यांची माळ आणली. फार समजुतीने सांगितलं. "हे बघा, आठला दहा व्हायला किती कमी?"

"दोन."

"मग सातातले दोन तिकडे द्या. इथे उरले?"

"पाच."

"मग दहा आणि पाच?"

"ते सगळं बरोबर आहे बाई," मी म्हणालो, "पण दहा झाल्यावरचा?"

"दहा झाल्यावरचा काय?"

मी बाईंकडे बघितलं. बिचाऱ्या! माळ आहे, चष्मा आहे, पण दहा झाल्यावर एक येतो हे माहीत नाही! मी काही बोललो नाही. कशाला अपमान करायचा? पोतं भरलं आणि निघालो. माझ्या लक्षात आलं होतं काय झालं ते. सोळावा नारळ वाटेत पडला होता!

मग मी अख्खा रस्ता वाकून वाकून बघत आलो. गटारीत बघितलं, कुंपणाखाली बघितलं. रस्त्याकडेला ताडगोळे विकायला एक म्हातारी बसते, तिला विचारलं, "आजी, इथे नारळ पडलेला दिसला का?"

तिने मान वर केली. आमच्या डोक्यावर दोन्ही बाजूंनी माडच माड. ती म्हणाली, "बाबा, नारळ पडायचाच तर इथे कुठेही पडेल. तुझा कुठला?"

"माझा हातचा आहे."

"मग हातातून सोडलास कशाला?"

आता यावर काय बोलणार? मी घरी आलो, ढिगातून दुसरा घेतला आणि हिशेब पुरा केला.

तिथून पुढे आमचा अभ्यास जोरात सुरू झाला. कसा? रॉकेट! दर्शू बोलायला लागली, हे महत्त्वाचं. मी विचारायचो, "सात आणि सहा?" ती एक क्षण वर बघायची, मग म्हणायची, "चौदा." नारळ मोजले की चौदाच. "नऊ आणि सहा?" "सोळा." "पंचवीस आणि सतरा?" हिला सांगायला थोडा वेळ लागायचा, ओठ हलायचे, मग यायचं, "शेहेचाळीस." मी नारळ मांडायचो, चार वेळा "खूण!" ओरडायचो, मोजायचो, आणि शेहेचाळीस! एकदाही चुकली नाही पोरगी. नारळ मांडायच्या आधी हिला उत्तर कळायचं! मी मोठमोठ्याने हसायचो, टाळ्या वाजवायचो, तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचो.

रोह्याचं मात्र मध्येच अडलं. तो दोन्ही हात पसरून आला. "काका, पाच आणि पाच किती?"

"अकरा."

त्याने बोटं मोजली. परत मोजली. हात उलटे करून मागच्या बाजूने मोजली. "काका, अकरावं कुठंय?"

मी माझे हात बघितले. दहा. आता आली का पंचाईत? मी पुष्कळ वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसलो. वहिनी आतून म्हणाली, "काय झालं भावजी, काटा लागला का?"

"नाही वहिनी." मग मला सुचलं. "रोह्या, बोटांना खूण नसते. बोटं कोण विकत घेतंय? खूण फक्त नारळाला."

"मग परीक्षेत बोटं विचारली तर?"

"तर दर्शूताई म्हणेल ते म्हण."

हे त्याला ताबडतोब पटलं. तेव्हापासून तो दर्शूच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचा, पण इतक्या चटकन की दोघं एकदम बोलल्यासारखे वाटायचे. वहिनी अधूनमधून दारात येऊन बघायची आणि काही न बोलता चिकू निवडायला जायची. मला वाटायचं, खूश आहे.

आणि आला परीक्षेचा रविवार. किसनभाऊ खाटेवर बसला. पेन काढलं. मी दोन्ही पोरांचे केस पाण्याने चापून बसवले होते. वहिनी दाराला टेकून उभी. 

"पाच आणि तीन?"

"आठ!" दोघं.

"सहा आणि दोन?"

"आठ!"

किसनभाऊने मान डोलावली. मी वहिनीकडे बघून छाती फुगवली.

"नऊ आणि सहा?"

दर्शूने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी म्हणालो, सांग सांग. ती किसनभाऊकडे वळली.

"सोळा."

"सोळा!" रोह्या.

किसनभाऊ थांबला. "किती?"

"सोळा!"

"सात आणि सहा?"

"चौदा!"

"सव्वीस आणि चौदा?"

जरा वेळ. मग दोघं, "चव्वेचाळीस!"

आता बघा काय झालं. एखादं पोर चुकलं तर आपण म्हणतो चुकलं. पण दोन पोरं, ताठ उभी राहून, न अडखळता, एकच उत्तर देतात तेव्हा विचारणाराच हलतो! किसनभाऊने बोटं मोजली. पेनाने तळहातावर लिहिलं. मग गुपचूप मोबाईल काढला.

"चाळीस येतंय," तो म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता.

"मोबाईलला काय कळतं?" मी म्हणालो. "मोबाईलने कधी नारळ मोजलेत? थांबा, समोर दाखवतो."

मी नारळ आणले. सव्वीस मांडले. चौदा मांडले. किसनभाऊने दोन्ही ढीग स्वतः मोजून घेतले. मग मी मोजायला लागलो, दोन, चार, सहा, आठ, दहा, खूण! अंगात वारं आल्यासारखा. चार वेळा खूण. संपलं. "आता मोजा सगळे."

त्याने मोजले. चव्वेचाळीस.

परत मोजले. चव्वेचाळीस. त्याचा चेहरा बघायला हवा होता! पेन खाली पडलं. तो नारळांभोवती एक फेरी मारून आला. "अरे, चाळीस मोजून घेतले होते मी... हे चार आले कुठून?"

"हातचे!" मी म्हणालो. दादाने ऐकायला हवं होतं, असं वाटलं मला तेव्हा. "तिसरीपासून मी विचारत होतो, हातचा कुठून येतो. हा बघा, इथून येतो!"

"इथून म्हणजे कुठून?"

"मागच्या ढिगातून."

"मागच्या ढिगातून तू उचललेस?"

"मग? आपोआप चालत येणार का?"

किसनभाऊ माझ्याकडे बघत राहिला. मग फार हळू, लहान पोराशी बोलतात तसं म्हणाला, "विलास. ते चार नारळ सव्वीसातले होते का?"

"नाही."

"चौदातले होते का?"

"नाही."

"मग ते बेरजेत कसे आले?"

  बांधावरचे नारळ डोळ्यांसमोर आले. मी वहिनीकडे बघितलं.

"भावजी," वहिनी म्हणाली, "खुणेचे नारळ व्यापाऱ्याला वरून देतात. मोजणीत धरत नाहीत ते. तुम्ही इतकी वर्षं ठेवताय, तुम्हाला माहीत नाही होय?"

नाही हो! नव्हतं माहीत! मला कोणी सांगितलं? मी फक्त ठेवायचो!

मग मला रस्ता आठवला. गटार आठवली. ताडगोळेवाली आजी आठवली. बाईंचा वऱ्हांडा आठवला. एकेक आठवत गेलं तसा मी एकेक पायरी खाली सरकत अंगणात बसलो.

किसनभाऊ पोरांकडे वळला. "आणि तुम्हाला शाळेत काय शिकवतात? दर्शू, तुला कळलं नाही काका चुकतोय ते?"

दर्शू पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "कळलं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"मग?"

"शाळेत मी पंधरा सांगते. घरी सोळा सांगते."

"का?"

तिने अंगठा मातीतून काढला. मग म्हणाली, "सोळा म्हटलं की काका हसतो. बाबा गेल्यापासून हसत नव्हता."

 वहिनी आत गेली आणि भांड्यांचा आवाज करायला लागली. मी काय करावं म्हणून नारळ पोत्यात भरायला लागलो.

 किसनभाऊने पेन उचललं. "सत्तेचाळीस आणि अडतीस?"

"पंच्याऐंशी," दर्शू म्हणाली.

"काकाचं?"

तिने वर बघितलं, ओठ हलवले. "त्र्याण्णव."

"कसं काढलंस?"

"आधी खरं काढायचं. सत्तेचाळीसला तीन दिले की पन्नास. अडतीसातले राहिले पस्तीस. पंच्याऐंशी. मग त्यात दहा किती वेळा आले ते बघायचं. आठ वेळा. तेवढे काकाचे नारळ."

"तोंडी? सगळं?"

"हो. काका विचारतो पटकन."

म्हणजे कळलं का तुम्हाला? पोरगी रोज दोन-दोन गणितं करत होती! एक बरोबर, आणि एक माझ्यासाठी! मी आशेने किसनभाऊकडे बघितलं. म्हटलं, आता काय म्हणणार हा? येतंय की तिला! दोनदा येतंय!

तो उठून उभा राहिला. "ताई, सामान भर. एवढं डोकं असलेली पोरगी नारळाच्या ढिगात ठेवायची नाही."

"पण येतंय ना तिला!" मी ओरडलो. "ठरलं होतं, आलं तर राहतील!"

"दोघांना आलं तर, असं म्हणाला होतास."

मी रोह्याकडे वळलो. "रोह्या, सांग मामाला. पाच आणि पाच?"

रोह्याने दर्शूकडे बघितलं. दर्शू रडत होती, तिच्या तोंडावरून काही वाचता येईना. मग त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्यावर त्याचा फार जीव, आणि खणखणीत म्हणाला, "अकरा!"

घ्या! शिकवलेलं पोर फिरलं नाही! दोघांपैकी जो एक खरंच माझा विद्यार्थी होता, त्यानेच निकाल लावला.

वहिनी निघताना म्हणाली, "भावजी, वाईट वाटून घेऊ नका. पोरांसाठीच जातेय." मी म्हणालो, "छे, वाईट कसलं." आणि मी शब्द दिला होता, म्हणून त्यांना बसवून द्यायला डहाणूच्या स्टँडवर गेलो. चिंचणीची बस लागलेलीच होती. सगळे चढले, किसनभाऊ ट्रंक वर ढकलत होता. तिकीट काढायचं मी अंगावर घेतलं. म्हटलं, एक हिशेब तरी नीट करू. मनात जुळवलं. किसनभाऊ फुल. वहिनी बाईमाणूस, हाफ. दोन पोरं, हाफ. एक फुल, तीन हाफ. दोनदा घोकलं.

कंडक्टर आला. "बोला."

"दोन फुल, तीन हाफ."

मशीनमधून तिकीट सरकन बाहेर आलं. किसनभाऊ मागून म्हणाला, "अरे, दोन फुल कोण? आम्ही चौघं आहोत."

कंडक्टर म्हणाला, "निघालं आता. बसा नाहीतर उतरा, पटकन ठरवा."

मी त्या तिकिटाकडे बघितलं. पाच जण लिहिलेले होते. रोह्या ओरडला, "काका येतोय!" आणि सरकून मला जागा करून दिली. मग मी काय करणार? बसलो.

खाडीचा पूल गेला तसा रोह्या माझ्या मांडीवर झोपला. दर्शू खिडकीतून बघत होती.  चिंचणीला उतरलो तेव्हा रोह्या माझ्या खांद्यावर, आणि बस सुटल्यावर बघतो तर त्याच्या एकाच पायात चप्पल! मी पोर खांद्यावर घेऊन बसच्या मागे धावलो. "थांबा! थांबा!" मागे किसनभाऊ ओरडतोय, "विलास, पोराला घेऊन कुठे चाललास?" त्याला वाटलं, मी पळवतोय! बस वळणावर हळू झाली, कंडक्टरने खिडकीतून चप्पल फेकली आणि ती सुकत टाकलेल्या मासळीत जाऊन पडली. मासळीवालीने मला जे काही ऐकवलं, ते पोरांपुढे सांगण्यासारखं नाही.

किसनभाऊच्या दारात रोह्याला पायरीवर बसवलं. गुडघे टेकून चप्पल झटकली, त्याच्या पायात घातली, पट्टा लावला, वर नीट दाबून बसवला.

त्याने अर्धे डोळे उघडले, पायांकडे बघितलं. "काका, उलटी घातलीस."

खरंच, एका पायाची दुसऱ्या पायात घातली होती. या पायातली होती ती तर माझ्या खिशात. कधी काढली, कशाला काढली, मला माहीत नाही. घातलेली पट्टा सोडून काढली, बरोबर पायात घातली. मग खिशातली काढली, तीही घातली.

"आता?" मी विचारलं.

"आता बरोबर," तो म्हणाला आणि परत झोपला.